गावाकडचं घर घ्यायला सरकारी कर्ज मिळतं का? (गावठाणातलं घर, हातात फक्त ग्रामपंचायतीचा उतारा)

माणदेशी:
नमस्कार मंडळी. मी चाकणला कंपनीत आहे, गाव माण तालुक्यात. गावठाणात आमच्या घराला लागूनच चुलत आजोबांचं तीन खणांचं माळवदी घर आहे, मागं थोडं परसू. आज्जी गेली तेव्हापासून बंद आहे आणि आता पावसानं माळवदाची माती खचायला लागलीय, एका खणातला सर वाकलाय. आजोबांचा मुलगा, म्हणजे माझे काका, मुंबईला असतात, ते म्हणाले तूच घे, बाहेरच्याला द्यायचं जिवावर येतं. मला ते घेऊन तिथं आरसीसीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम असं बांधायचंय, आई-बाबा तिथंच राहणार आहेत.

बँकेत गेलो तर पगाराच्या स्लिपा बघितल्या, सिबिल बघितलं, सगळं उत्तम म्हणाले, आणि घराचे कागद दाखवा म्हटल्यावर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा पुढं केला तर यावर होत नाही म्हणून फाईल परत दिली. पुण्यात वन बीएचके घ्या, आठवड्यात सँक्शन देतो असं म्हणतात, पण मला पुण्यात नकोय ना. गावात घर घेणाऱ्यांसाठी सरकारची काहीतरी कर्जाची स्कीम असेलच की. कुणी घेतलंय का असं कर्ज? माहिती असणाऱ्यांनी जरा सविस्तर लिहा.

सदाफुली:
माझ्या भावाला प्रधानमंत्री आवासमधून अडीच लाखाच्या वर सबसिडी मिळालेली होम लोनवर, थेट लोन खात्यात जमा झाली आणि हप्ता कमी झाला. तुम्ही बँकेला त्याबद्दल विचारा.

कागदवाला:
सदाफुली ताई, भावाला मिळाली ती शहरी योजनेतली व्याज सवलत, 2015 ला सुरू झालेली, जास्तीत जास्त 2 लाख 67 हजारांपर्यंत मिळायची. कमी उत्पन्न गटासाठी ती 31 मार्च 2022 ला बंद झाली आणि मध्यम गटासाठी त्याच्या आदल्या वर्षीच. आता 1 सप्टेंबर 2024 पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा आहे, त्यात 25 लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज सवलत, घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 9 लाखांच्या आत हवं, आणि एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, ते पाच हप्त्यांत. पण नावातच शहरी आहे. नगरपालिका, नगरपंचायत, किंवा एखाद्या विकास प्राधिकरणाच्या हद्दीतलं गाव असेल तर बसू शकतं, माण तालुक्यातलं गावठाण बसणार नाही.

माणदेशी, मी बँकेतून रिटायर झालोय, नोकरीतली बरीच वर्षं ग्रामीण शाखांत काढली. सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या, जेवून येतो.

वऱ्हाडी मुलगी:
ग्रामीणसाठी घरकुल योजना आहे ना, पण ते कर्ज नाही, अनुदान आहे. आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा) माझ्या मोठ्या आईचं घरकुल झालं, मी स्वतः मागं लागून करून घेतलं म्हणून लिहिते. 1 लाख 20 हजार मिळतात, डोंगरी भागात 1 लाख 30. ते एकदम नाही देत. मंजुरीवर पहिले 15 हजार, मग जोत्यापर्यंत काम आलं की 70, मग 30 आणि घर पूर्ण झालं की शेवटचे 5. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी वेगळी आणि संडासाचे 12 हजार वेगळे. 2025 मध्ये राज्य सरकारनं आणखी 50 हजार वाढवले, त्यातले 35 बांधकामाला आणि 15 छतावरच्या सोलरला. घरकुलवाल्याला 5 ब्रास वाळू फुकट असंही आहे.

ऐकायला बरं वाटते पण खरी पंचाईत पहिल्या हप्त्यात आहे. 15 हजारात पाया खोदून, दगड टाकून, जोतं भरून होते का? नाही होत. मग माणूस सोनं गहाण ठेवते नाहीतर सावकाराकडे जाते, जोतं झालं की फोटो काढायला येणार, तो फोटो जागेवर उभं राहूनच काढावा लागते, मोबाईलमध्ये जागेचं लोकेशन पडते, आणि फोटो अपलोड झाला की मग पुढचा हप्ता. आमच्याकडे फोटो काढून नेला आणि पैसे काही येईनात, उन्हाळा गेला, मोठी आई पालाखाली राहिली, पावसाळा तोंडावर आला तेव्हा कुठं हप्ता पडला. चौकशी केली तर खात्याला आधार जोडलेलं नव्हतं एवढंच कारण निघालं, आणि हे कुणी आधी सांगितलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. म्हणून ज्यांचं घरकुलाच्या यादीत नाव आलं असेल त्यांनी मंजुरीच्या आधीच बँकेत जाऊन आधार जोडलंय का ते बघा, कुणी सांगायची वाट पाहू नका.

माणदेशी:
ताई खूप उपयोगी लिहिलंय. पण आमचं नाव यादीत नाही आणि मी इन्कम टॅक्स भरतो, माझी स्वतःची चारचाकी आहे, त्यामुळं मला ते मिळणार नाही ना?

वऱ्हाडी मुलगी:
नाही मिळणार. टॅक्स भरणारे, चारचाकीवाले, सरकारी नोकर, महिन्याला 15 हजाराच्या वर कमावणारे हे सगळे बाद होतात. आधी दुचाकी आणि फ्रिज असला तरी बाद व्हायचे, ते आता काढलं. आणि मिळू पण नये, भाऊ, राग नका मानू. ज्याच्या डोक्यावर कुडाच्या भिंती आणि टिनपत्रा आहे त्याच्यासाठी आहे ते.

माणदेशी:
राग कसला, बरोबरच आहे तुमचं.

कागदवाला:
आलो. आता लिहितो.

माणदेशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन भागात आहे आणि बहुतेक लोक पहिल्याच भागात अडकून बसतात. पहिला भाग, योजना आहे का. आपल्याकडं गावातल्या घरासाठी सरकारी पैसा मुख्यतः अनुदानाच्या रूपात येतो, वऱ्हाडी ताईंनी लिहिलं तसा, म्हणजे प्रधानमंत्री आवास ग्रामीण (ही 20 नोव्हेंबर 2016 पासून, त्याआधी 1985 पासूनची इंदिरा आवास), आणि राज्याच्या रमाई, शबरी, मोदी आवास वगैरे. घरकुलवाल्याला वरून 70 हजारांपर्यंत कर्ज बँकेनं द्यावं अशी सोय कागदावर आहे. जे घरकुलात बसत नाहीत त्यांच्यासाठी 2017 ला केंद्रानं 2 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत काढली होती, पण मला शाखेत तिच्या फायली फारशा दिसल्या नाहीत, कारण उघड आहे, 2 लाखात घर होत नाही. मधल्या माणसासाठी, म्हणजे जो गरीब यादीत नाही आणि फ्लॅटच्या रांगेतही नाही, त्याच्यासाठी वेगळं असं काही ठोस नाही. त्यानं नेहमीचं होम लोनच घ्यायचं. आणि ते गावातल्या घरावर देऊ नये असा कुठलाही नियम नाही, उलट रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात लहान गावातलं घरकर्ज प्राधान्य क्षेत्रात धरलं जातं, बँकेला ते हवंच असतं.

दुसरा भाग म्हणजे कागद, आणि तुमची फाईल तिथं अडलीय. नमुना 8 हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्यावर तुमचं नाव आहे म्हणजे तुम्ही पट्टी भरता एवढंच सिद्ध होतं, मालकी नाही. भोगवटादाराचं नाव ग्रामपंचायतीच्या ठरावानं बदलतं, भाडेकरूचं पण लागतं कधीकधी. बँकेचा पॅनेलवरचा वकील 30 वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे मागचे सगळे व्यवहार तपासतो, त्याला मालकीची साखळी लागते, ती आठच्या उताऱ्यातून निघत नाही, म्हणून तो निगेटिव्ह रिपोर्ट देतो आणि मॅनेजरच्या हातात काही राहत नाही. तुमचा पगार कितीही असू द्या.

यावर उपाय आता निघालाय. तुमच्या गावात ड्रोन मोजणी झाली का? गावभर घरांच्या हद्दीला पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारलेल्या, मग ड्रोन उडवलं होतं, असं काही गावाकडून ऐकलंय का?

माणदेशी:
हो हो, झालीय. ग्रामसेवकानं दवंडी दिली होती, बाबा म्हणत होते सगळ्यांनी आपापल्या हद्दीला चुना मारला, आमच्या आणि काकांच्या मधल्या बोळावरून शेजाऱ्याशी जरा बोलाबोली पण झाली. पण त्याचं पुढं काय झालं कुणालाच माहीत नाही.

कागदवाला:
मग तुमचं काम अर्ध्यावर आलंय असं समजा. ती स्वामित्व योजना. केंद्रानं 24 एप्रिल 2020 ला सुरू केली, पण आपल्याकडं त्याच्या आधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रयोग झाला होता. पूर्वी गावठाणाच्या आतल्या घरांची मोजणी फक्त मोठ्या गावांतच झालेली असायची, बाकी गावांत गावठाणाची बाहेरची एक हद्द आणि आत सगळं मोकळं, कुणाचं घर किती चौरस मीटर याचा सरकारदरबारी नकाशाच नव्हता. सातबारा शेतीचा, गावठाणाला सातबारा नाही, म्हणून पिढ्यानपिढ्या ज्या घरात राहतोय त्याचा मालकीचा कागद नाही अशी लाखो कुटुंबं.

ड्रोन मोजणीनंतर भूमी अभिलेखचा चौकशी अधिकारी गावात येतो, एकेका मिळकतीची चौकशी होते, हरकती घेतात, आणि मग मिळकत पत्रिका तयार होते, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. सनद फी भरली की सनद मिळते. कार्डावर नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, धारकाचं नाव, सत्ता प्रकार, आणि खाली फेरफाराच्या नोंदी असतात. ऑनलाइन डिजिटल सहीचं कार्ड पण निघतं. हे कार्ड बँकेला चालतं, कारण बोजा (कर्जाची नोंद) चढवायला जागा असते. तुम्ही तालुक्याच्या मोजणी ऑफिसला जाऊन (उपअधीक्षक भूमी अभिलेख) गावाचं नाव सांगून विचारा की चौकशी पूर्ण होऊन कार्डं तयार झालीत का. झाली असली तर काकांच्या घराच्या कार्डावर कुणाचं नाव आहे ते आधी बघा आणि इथं लिहा.

रत्नागिरीकर:
आमच्याकडं अजून वेगळाच घोळ आहे. कोकणात घरं गावठाणात कमीच, आपापल्या जागेत, सातबाऱ्यावर, आणि त्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं. मी लांज्याजवळ एक तयार घर बघितलं, छान जांभ्याचं, विहीर, चार कलमं, बँकेत विचारलं तर जागा एनए (बिनशेती) नाही म्हणून नाही म्हणाले. एवढं चांगलं बांधलेलं घर आहे, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा आहे, लाइट मीटर आहे, तरी नाही. शेतजमीन आहे म्हणून काय झालं हो?

कागदवाला:
बँकांच्या वसुलीचा जो 2002 चा सरफेसी कायदा आहे, ज्यानं कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येतं, त्याच्या कलम 31 मध्ये शेतजमीन वगळलीय. म्हणजे कागदोपत्री शेतजमीन असलेल्या जागेवरचं घर तारण घेतलं आणि कर्ज थकलं तर बँकेला तो रस्ता बंद. म्हणून आधी बिनशेती करा म्हणतात. दुसरं, तुम्ही स्वतः शेतकरी आहात का? कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि घर असलं तरी खालची जमीन शेतीची असेल तर तेच लागू. ती जागा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत येते का ते तलाठ्याकडं बघा, तसं असेल तर महसूल कायद्याच्या 42 ड प्रमाणे रूपांतरण कर भरून बिनशेतीचं काम सोपं होतं, वेगळी एनए परवानगी काढत बसावं लागत नाही.

आणि पंधरा-वीस नावांपैकी एक जरी सही राहिली तरी घेऊ नका. स्वस्त मिळतंय म्हणून टोकन देऊन बसलेली माणसं मी बघितलीत, पैसे अडकतात ते अडकतातच.

रत्नागिरीकर:
शेतकरी आहे, वडिलांच्या सातबाऱ्यावर नाव लागलंय माझं. 200 मीटरचं माहीतच नव्हतं, उद्याच तलाठ्याला फोन करतो. धन्यवाद साहेब.

दूरदेशी:
धागा आवडला म्हणून लिहितेय, विषय थोडा लांबचा आहे पण मूळ प्रश्न, गावातलं घर घ्यायला सरकारी कर्ज, हा आमच्याकडे अगदी रुळलेला आहे. आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका छोट्या गावात घर घेतलं ते इथल्या शेती खात्याच्या गृहकर्ज योजनेतून. हो, शेती खातंच, घरकर्जाचा हा विभाग त्यांच्याकडे आहे, मूळ कायदा 1949 चा. यात सरकार स्वतः पैसे देत नाही, कर्ज साधी बँकच देते आणि ते बुडालं तर मोठा हिस्सा भरून द्यायची हमी सरकार घेतं. त्यामुळे बँक डाउन पेमेंट मागत नाही, शून्य. 30 वर्षं एकच व्याजदर. सुरुवातीला कर्जाच्या 1 टक्का हमी शुल्क, ते कर्जातच घालता येतं, आणि नंतर दरवर्षी शिल्लक रकमेवर 0.35 टक्के. उत्पन्नाची वरची मर्यादा आहे, त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या 115 टक्क्यांपर्यंत. अजून गरीब कुटुंबांना मात्र खातं स्वतः थेट कर्ज देतं, 33 वर्षांचं, आणि सवलत धरून व्याज 1 टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं.

गाव कुठलं चालतं ते त्यांच्या नकाशावर पत्ता टाकून कळतं, लोकसंख्येवर असतं, 35 हजारांपर्यंतची काही गावंही बसतात. स्वतः राहायलाच घ्यावं लागतं, भाड्यानं द्यायला नाही. आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, एच वन बी (नोकरीच्या व्हिसा) वर असाल तर मिळत नाही, ग्रीन कार्ड लागतं, आम्ही तेवढ्यासाठीच थांबलो होतो.

पण तुमचं सगळं वाचताना मला एक जाणवलं की इथे आमच्या घराची मालकी तपासायला काही त्रासच झाला नाही, काउंटीच्या दप्तरात सगळे व्यवहार नोंदलेले, वर मालकीचा विमा. माझ्या सासरी (बार्शी तालुका) सासऱ्यांच्या घराचा अजून हाच प्रश्न आहे, नमुना 8 वर तीन भावांची नावं आणि बाकी काही नाही.

कागदवाला:
दूरदेशी ताई, तुम्ही नेमकं लिहिलंत. हमी देऊन बँकेची भीती काढायची, ही चांगली पद्धत आहे आणि मधल्या माणसासाठी आपल्याकडं तसं काही यायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण उद्या तशी योजना आली तरी ती मिळकत पत्रिकेशिवाय चालणार नाही. सासऱ्यांना कार्डाची चौकशी करायला सांगा, आणि चौकशी चालू असतानाच तिन्ही भावांची नावं बरोबर लागतील असं बघा, नंतर दुरुस्तीला फार वेळ जातो.

गुरुजी:
मी झेडपी शाळेत आहे. दोन गोष्टी राहिल्या त्या सांगतो. कार्ड हातात यायला वेळ लागणार असेल तर पगारदारांची पतसंस्था किंवा जिल्हा मध्यवर्ती बँक बघा, पगारातून कपात आणि दोन जामीनदार यावर देतात, व्याज जास्त असतं आणि मुदत कमी, त्यामुळं घर घ्यायला सगळं तिथून उचलू नका, पत्रा-माळवद दुरुस्तीपुरतं ठीक. आणि कंपनीत आहात तर पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, पण मिळकत तुमच्या किंवा बायकोच्या नावावर लागते, काकांच्या नावावर असताना नाही मिळणार.

घरकुल मंजूर आहे पण जागाच नाही अशा कुणाला वाचायला द्यायचं असेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजना आहे, 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला आधी 50 हजार मिळायचे, आता 1 लाख. आमच्या वस्तीवरच्या दोन कुटुंबांना यातून जागा मिळाली.

माणदेशी:
मंडळी, शनिवारी गावी जाऊन आलो. कार्डं तयार आहेत! मोजणी ऑफिसच्या माणसानं कॉम्प्युटरवर दाखवलं. आमच्या घरावर बाबांचं नाव बरोबर आहे. काकांच्या घरावर चुलत आजोबांचं नाव आहे, ते जाऊन खूप वर्षं झाली. क्षेत्र 112 चौरस मीटर दिसतंय, परसू धरून. मधला बोळ सार्वजनिक रस्ता म्हणून लागलाय, त्यामुळं तो वाद पण मिटला. आता काकांनी सरळ खरेदीखत करून दिलं तर चालेल ना? काकांना दोन बहिणी आहेत, माझ्या आत्या, एक कराडला आणि एक कल्याणला, दोघी सासरी. काका म्हणतात त्यांना काही नकोय.

कागदवाला:
अभिनंदन. आता घाई करू नका, क्रम नीट ठेवा.

आधी आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन मोजणी ऑफिसातच वारस नोंद करून घ्यायची. काका आणि दोन्ही आत्या, तिघांची नावं कार्डावर लागली पाहिजेत. आत्यांना काही नकोय हे काकांनी सांगून चालत नाही. मुलीचा वडिलांच्या मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तो पक्का केला आणि 2020 ला सुप्रीम कोर्टानं शंका ठेवली नाही. त्या दोघींनी एकतर खरेदीखतावर विकणार म्हणून सह्या करायच्या आणि त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या खात्यात जायला हवेत, किंवा काकांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्र करायचं. माझा सल्ला पहिला, तिघांनी सह्या करून तिघांना पैसे. बँकेचा वकील पण हेच मागेल, पण त्यानं मागितलं नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं होईल. तुमच्या मिसेसच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, घरात बोलून बघा, पण कर्जात मग त्या पण हव्यात. त्यानंतर कार्डावर फेरफार आणि ग्रामपंचायतीत नाव बदल, दोन्ही करायचं, एक करून दुसरं सोडू नका.

कर्ज मागताना खरेदी आणि बांधकाम असं एकत्र मागा, नाहीतर खरेदीचं वेगळं आणि बांधकामाचं वेगळं असं दोनदा प्रोसेसिंग पडेल. बांधकामाचे पैसे टप्प्यानं येतात, जोतं, स्लॅब, प्लास्टर असे, आणि प्रत्येक टप्प्याला बँकेचा इंजिनियर बघून जातो. 30 लाखांच्या आतल्या कर्जाला नियमानं 90 टक्क्यांपर्यंत देता येतं पण जुनं माळवदी घर आहे, मूल्यांकनात बांधकामाची किंमत जवळपास धरणार नाहीत, फक्त जागा धरतील, तेव्हा खरेदीच्या वेळी स्वतःचे पैसे जास्त घालावे लागतील अशी तयारी ठेवा. प्लॅनचं म्हणाल तर 2021 च्या निर्णयानुसार ग्रामीण भागात साधारण 1600 चौरस फुटांपर्यंत वेगळी बांधकाम परवानगी लागत नाही, मालकीचा कागद, प्लॅन, लायसनधारक इंजिनियरचा दाखला आणि विकास शुल्काची पावती ग्रामपंचायतीत दिली की झालं. त्या सगळ्याची पोच शिक्क्यासह घ्या, बँक परवानगी कुठाय विचारेल तेव्हा तीच दाखवायची.

सदाफुली:
माणदेशी दादा, आत्यांशी तुम्ही स्वतः जाऊन बोला, फोनवर नको. माहेरचं घर आहे त्यांचं.

माणदेशी:
हो ताई, आईपण तेच म्हणाली. येत्या रविवारी कराडला जातोय आईला घेऊन, तिथूनच कल्याणच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावू आणि मग तिकडंही जाऊ. कराडच्या आत्याला फोनवर नुसतं घराचं विचारलं तर म्हणाली पाडताना देवळीतला आज्जीचा दिवा आणि चौकटीचा उंबरा काढून ठेव, बाकी सह्या कुठं करायच्या सांग. मी तिला म्हटलं पैशांचं पण बोलायचंय, भेटल्यावर बोलू.

कागदवाला साहेब, एकच राहिलं. वारस नोंदीला कल्याणची आत्या स्वतः आलीच पाहिजे का, तिचे गुडघे दुखतात, प्रवास झेपत नाही.

कागदवाला:
वारस नोंदीला नाही, अर्ज एका वारसानं केला तरी चालतो, नोटीस सगळ्यांना जाते. खरेदीखताला मात्र यावं लागेल, नाहीतर त्यांनी कल्याणच्या निबंधक कार्यालयात काकांच्या नावे फक्त या एका मिळकतीपुरतं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून द्यावं. मसुदा करताना त्यात नगर भूमापन क्रमांक आणि क्षेत्र कार्डावर आहे तसंच लिहा, आणि आत्यांचे पैसे त्यांच्याच खात्यात जातील असं वाक्य घाला. मसुदा झाला की नावं-गावं झाकून इथं टाका, बघून देतो.